दाराखालची पाचर

आमचे चेन्नईचे घरमालक जवळजवळ रोज सकाळी डबा घेऊन कोर्टात जायचे. वकील नव्हते. त्यांचा कुठला खटला चालू नव्हता, साक्ष नव्हती, कुणा नातेवाइकाला जामीन राहायचं नव्हतं. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते कोर्टात नुसते बसायला जायचे. मागच्या बाकावर. बाकीचे निवृत्त लोक देवळात जातात, नाहीतर बागेत बसून सुनांची उणीदुणी काढतात, तसे हे कोर्टात.

मी मूळची इचलकरंजीची. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य आमच्या बाबांच्या तोंडी इतकं असायचं की मी बाराखडीच्या आधी तेच शिकले असेन. घरमालकांना, म्हणजे मामांना, मी ते पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. त्यांनी शांतपणे कॉफीचा टंबलर खाली ठेवला आणि म्हणाले, "मग कोणीं चढावी? वेड्यांनीं? शहाणे घरीं बसले म्हणूनच तिकडे अशी गर्दी."

मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात होते. आधी वेलचेरीत राहायचे. दिवाळी झाली, तिकडचा पाऊस सुरू झाला आणि तळमजल्यावरच्या माझ्या खोलीत गुडघाभर पाणी आलं. गादी तरंगायला लागली तेव्हा कारखान्यातल्या एका बाईंनी सांगितलं, नुंगंबाक्कमला एक मराठी घर आहे, वरची खोली रिकामी आहे, जा. मी भिजलेल्या बॅगा घेऊन थेट दारात. मराठी घर म्हटल्यावर मला वाटलं, आता पिठलं-भाकरी मिळणार. तर हे तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच. मराठी बोलायचे ते पोथीतून उठून आल्यासारखं, आणि चाल तमिळची. "तूं कोठून आलीस? जेवण जाहलें काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. तिकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा आणि त्यांच्या बायकोला मामी म्हणायला लागले. आणि पिठलं नाही, रस्सम मिळालं.

मामांच्या पिशवीत डब्याशेजारी एक लाकडी पाचर असायची. सागवानी, हातात धरून धरून गुळगुळीत झालेली. ती दाराखाली सारायची. कोर्टाचं दार वाऱ्यानं म्हणा, शिपायानं म्हणा, बंद झालं की मामा उठायचे, वाकायचे आणि पाचर सारून दार उघडं ठेवायचे. एका कोर्टात नवीन एसी बसवला होता. शिपाई म्हणाला, गार हवा बाहेर जाते. मामा म्हणाले, जाऊ दे की. दाराशी चाललेली ही बाचाबाची ऐकून न्यायाधीशांनी मान वर केली आणि विचारलं, आपण कोण, वादी की प्रतिवादी? मामा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पब्लिक." न्यायाधीश हसले म्हणे, आणि त्या दिवशी दार उघडंच राहिलं. ही गोष्ट मामांनी मला किती वेळा सांगितली असेल! मामी म्हणायच्या, त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर छाती दारात मावेना.

"कायद्यांत लिहिलें आहे, अम्मा," ते म्हणायचे. तिकडे पोरीबाळींनाही अम्मा म्हणतात. "कोर्टाचें दार सर्वांस उघडें. जागा मावेल तितके लोक आंत." हे 'जागा मावेल तितके' त्यांना फार आवडायचं. शेजारच्या लग्नात पंगतीला गर्दी झाली की तिथंही ते हेच म्हणायचे.

त्यांच्या घराचं दारही दिवसभर सताड उघडं. मांजरं यायची, फुलवाली यायची, एकदा एक अनोळखी माणूस आत येऊन पेपर वाचून गेला. मामांचं काही म्हणणं नव्हतं. दारापुढं जुना ओटा होता, त्याला ते तिण्णै म्हणायचे. संध्याकाळी त्या ओट्यावर मामांचा दरबार. गल्लीतल्या, चार गल्ल्या पलीकडच्या ज्या कुणाला कुणावर दावा लावायचा असेल, तो आधी मामांकडे यायचा. फुकट सल्ला कुणाला नको असतो? पण मामांची एक अट होती. आत येऊन कानात सांगायचं नाही. ओट्यावर बसायचं आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. त्यांचे प्रश्न ठरलेले. "काय जाहलें? कोणीं केलें? तुझें काय गेलें?"

एक गृहस्थ आले. शेजारी सख्खा भाऊ राहतो, त्याच्या माडाचे नारळ याच्या गाडीवर पडतात, म्हणून भावाला कोर्टात खेचणार. वकीलसुद्धा बघून ठेवलेला. मामा म्हणाले, सांग मोठ्यानं. त्यानं सुरुवात तर केली जोरात. पण इस्त्रीवाला थांबला, समोरच्या माडीवरची बाई कठड्याशी आली, आणि 'तुझें काय गेलें' या प्रश्नाला तो अडकला, कारण पडलेले नारळ त्याच्याच घरी खाल्ले जात होते. आपलं आपल्यालाच हसू आलं त्याला. चटणी चांगली होते, म्हणाला, आणि उठून गेला.

उलट एक बाई आली होती, नवरा गेलेला, भाड्याच्या खोलीत राहायची. घरमालकानं तिचं पाणी तोडलं होतं, तिनं निघून जावं म्हणून. सुरुवातीला तिचा आवाज फुटेना. मामा म्हणाले, परत सांग. परत सांग. दर वेळी तिचा आवाज चढत गेला, शेवटी तर गल्लीच्या टोकाला गेला असेल. मामांनी तिथल्या तिथं चपला घातल्या आणि तिला वकिलाकडे घेऊन गेले. त्यांचं म्हणणं एवढंच, की जी तक्रार उघड्यावर सांगताना लहान होत जाते ती घरी न्यावी, आणि मोठी होत जाते ती कोर्टात न्यावी. मी एवढी शिकलेली, पण याहून सोपा हिशेब मला अजून कुणी सांगितलेला नाही.

हे सगळं मला गमतीचं वाटायचं. हा माणूस असा का, हे मला रामनवमीला कळलं.

मैलापूरला त्यांच्या लोकांचा एक छोटा मठ होता. भजन, उत्सव, वर्षातून एक सभा. मी मराठी म्हणून मलाही त्यांनी सभासद करून घेतलं होतं. रामनवमीला मी मामा-मामींना म्हटलं, चला. मामी म्हणाल्या, तू जा, माझे गुडघे दुखतात. मामा पेपरातून वर बघेनात. गेले एकटीच. रामाची मूर्ती सुरेख, चांदीचा मुकुट, चांदीचे बाण. आणि हातात धनुष्य वेताचं, वर सोनेरी कागद लावलेला. मी शेजारच्या बाईंना सहज विचारलं, असं का? त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं, मग तोंडावर पदर घेतला आणि कुजबुजल्या की चांदीचं होतं, गेलं. कपाटाची किल्ली चिटणिसाकडे असायची. चिटणीस तेव्हा तुझे घरमालक.

मला हे असं पोटात ठेवता येत नाही. आमच्याकडं पद्धत नाही तशी. घरी आले ती सरळ मामांपुढं उभी राहिले आणि विचारलं, "मामा, रामाचं धनुष्य तुम्ही घेतलंत असं म्हणतात. खरं का?"

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता बॅगा भरायला लागणार. पण मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "कोण म्हणालें?" ते खुर्चीतून अर्धे उठलेच. मी म्हटलं, त्या अमक्या बाई. "तुला म्हणाली? हेंच शब्द? पुन्हां म्हणेल?" दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, मी कुठं काय म्हटलं, सगळे म्हणतात. मी तसं येऊन सांगितलं. मामा परत खुर्चीत बसले. "हेंच. 'सगळे' या इसमाला समन्स कसें पाठवायचें?"

मग त्या संध्याकाळी मला सगळं कळलं, थोडं मामांकडून, बरंचसं मामींकडून. धनुष्य नाहीसं झालं तेव्हा मठाच्या कमिटीनं दार लावून बैठक घेतली. मामांना बोलावलं नाही. अध्यक्ष म्हणजे मामांचा बालमित्र, तंजावरला एका बाकावर बसून शिकलेला. त्यानंच सगळ्यांना समजावलं, की पोलिसांत जायचं नाही, जुनं घराणं आहे, म्हातारपणी बेअब्रू नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. केवढी माया! मामांना वाचवायचं म्हणून तक्रार केली नाही, आणि तक्रारच नाही म्हणून मामा कधी सुटले नाहीत. पुढच्या वर्षी चिटणीस बदलले, आभाराचा ठराव झाला, शाल दिली.

मामींचं तर त्याहून वाईट. रामनवमीचं पानक, म्हणजे गुळाचं पन्हं, दरवर्षी त्या करायच्या. गूळ, सुंठ, वेलदोडा, सगळ्या मठात त्यांच्या हाताची चव प्रसिद्ध. त्यांना कुणी नको म्हटलं नाही. फक्त त्या वर्षी त्या गेल्या तेव्हा पातेल्यात गूळ आधीच पडलेला होता, आणि दुसरीच कुणी ढवळत होती. "बसा मामी, तुम्ही कशाला त्रास घेता," असं म्हणाली म्हणे. गुडघे त्या दिवसापासून दुखायला लागले.

मामा वकिलांकडे जाऊन आले होते. अब्रुनुकसानीचा दावा लावायला. वकिलांनी तेच विचारलं जे मामा पुढं ओट्यावर लोकांना विचारू लागले. काय शब्द वापरले? कोणी वापरले? कुणापुढे? मामांकडे एकाचंही उत्तर नव्हतं. मग ते दुसऱ्या वकिलाकडे गेले आणि म्हणाले, मग माझ्यावरच दावा लावा. वकिलानं त्यांना पाणी दिलं आणि रिक्षात बसवून घरी पाठवलं.

"मी कोर्टांत कोणाला बघायला जातों, ठाऊक आहे?" मामा मला म्हणाले. "न्यायाधीशाला नाहीं. आरोपीला. खून केलेला माणूस असो, त्यालासुद्धां उभें करून, दार उघडें ठेवून, तोंडावर सांगतात, तूं हें केलेंस, तुझें काय म्हणणें? मला कोणी विचारीतच नाहीं, अम्मा."

मला रडू आलं. आणि राग इतका आला की रडायचं विसरले. अख्ख्या चेन्नईत चोरापेक्षा वाईट अवस्था या माणसाची, आणि करणारे सगळे सज्जन!

सभा जवळ आली तशी मामांनी मला गळ घातली. सभेत उभी राहा आणि माझ्यावर आरोप कर. मी म्हटलं, मामा, डोकं ठिकाणावर आहे का? मला तसं वाटत नाही तर मी आरोप कशी करू? ते म्हणाले, आरोप नको करू, विचार. सगळ्यांपुढं विचार, धनुष्य कुठं आहे. मी म्हटलं, मी कालची आलेली, मला कोण विचारू देणार? त्यावर त्यांनी मला कायदा शिकवला. देव हा कायद्यानं अज्ञान बालकासारखा. त्याचं काही गेलं तर त्याच्या वतीनं कोणीही भक्त उभा राहू शकतो. किती वर्षांचा भक्त, कुठल्या गावचा भक्त, हे कायदा विचारत नाही.

"आणि लोकांनी खरंच म्हटलं, की तुम्हीच घेतलंत, तर?" मी विचारलं.

"तेंच तर पाहिजे."

सभेपर्यंतचे दिवस मामा न्हाणीघरात भाषणाची तालीम करायचे. वरच्या खोलीत मला सगळं ऐकू यायचं. पाण्याचा तांब्या, मग "सभ्य गृहस्थहो", मग पुन्हा तांब्या. त्यात घराण्याचा इतिहास होता, रेल्वेतली निष्कलंक नोकरी होती, संस्कृत श्लोक होते. मला कारखान्याची बस गाठायची असायची आणि यांचं भाषण संपायचं नाही. मामी खालून ओरडायच्या, रामाला वनवासातून आणाल काय आता, नळाचं पाणी जाईल.

रविवारी सकाळी सभा. मामा एका कडेला, पांढरं धोतर, कपाळाला गंध. मामी, गुडघे विसरून, माझ्या शेजारी. इकडतिकडचे विषय झाले, पंख्यांची दुरुस्ती, उत्सवाचा मंडप. मग अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही? मी उठले. आधी दाराशी गेले. रस्त्याचा आवाज येतो म्हणून ते लावून घेतलं होतं. उघडलं, खाली मामांनी दिलेली पाचर सारली. बाहेरची फुलवाली मान वाकवून आत बघायला लागली.

मी म्हटलं, मला एक विचारायचं आहे. रामाचं चांदीचं धनुष्य कुठं आहे?

अशी शांतता पसरली की पंख्यांची दुरुस्ती किती गरजेची आहे ते कळलं. अध्यक्ष सावकाश म्हणाले, ती जुनी गोष्ट आहे, घरातली आहे, आधी दार लाव. मी म्हटलं, दार राहू दे. ते म्हणाले, तू नवीन आहेस, तुझं यात काय गेलं? बघा, तोच प्रश्न! मामांनी पाठ करून घेतलेलं सगळं मी विसरले. तोंडात आलं ते बोलले.

"रामाचं धनुष्य गेलंय, आणि राम माझाही आहे. इथं सगळे म्हणतात की ते या मामांनी घेतलं. कानात म्हणतात. ज्याला तसं वाटतं त्यानं आत्ता, यांच्यासमोर म्हणावं. कुणालाच वाटत नसेल तर तसं म्हणावं."

कुणी उठेना. पदर चाचपणं, घड्याळ बघणं, चष्मा पुसणं. मला वाटलं, झालं, हेही वाया गेलं. हे लोक इतके भले आहेत की मामांना असंच मरू देतील. तेवढ्यात अध्यक्षांनी टेबलाला धरलं आणि ते स्वतः उभे राहिले. मामांकडे बघत, लहानपणी हाक मारत असतील तशा एकेरीत म्हणाले, "मला वाटतें. पहिल्या दिवसापासून वाटतें. किल्ली तुझ्याकडे होती. तूंच घेतलेंस."

मामी माझा हात इतका घट्ट धरून होत्या की बांगडी रुतली. मामा उठले. अध्यक्षांना त्यांनी चक्क नमस्कार केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी वाट बघत होते, आता 'सभ्य गृहस्थहो' येणार, श्लोक येणार, रेल्वे येणार.

"मी नाहीं घेतलें," मामा म्हणाले.

एवढंच. मग जरा थांबून म्हणाले की किल्ली माझ्याकडे होती हे खरं, धनुष्य माझ्या ताब्यातून गेलं हे खरं, तो हलगर्जीपणा माझा, तो मी इथं सर्वांपुढं कबूल करतो. कुणी नेलं ते मला माहीत नाही. आणि खाली बसले. इतक्या वर्षांचं भाषण दोन श्वासांत संपलं.

अध्यक्ष उभेच होते. मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. एका बाकावर बसलेला माणूस खोटं कधी बोलतो आणि खरं कधी, हे त्यांना कळत असणार. मग म्हणाले, आणि आवाज अगदी बारीक झाला होता, "हें तूं तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?"

"तूं विचारलेंस कोठें?" मामा म्हणाले.

अध्यक्ष खुर्चीत बसले. मग पुन्हा उठले, दोन बाकं ओलांडून आले आणि मामांच्या शेजारी जाऊन बसले. सभा तशीच अध्यक्षाविना राहिली. दारात फुलवालीबरोबर आणखी दोघं उभी होती, जागा मावेल तितकी. ते चांदीचं धनुष्य काही सापडलं नाही, आजतागायत नाही. रामाच्या हातात अजून वेताचंच आहे, दरवर्षी नवा सोनेरी कागद लावतात.

आत कॉफी उकळत होती. मामींनी माझा हात सोडला, उठल्या, पदर खोचला आणि मठाच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथं जी कोण ढवळत होती तिच्या हातातून त्यांनी पळी घेतली. तिनं दिली. मामींनी टंबलर भरले आणि पहिला नेऊन अध्यक्षांपुढं धरला. अध्यक्षांनी एक घोट घेतला. सगळे बघत होते.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

"बरें जाहलें, तोंडावर सांगितलेंत," मामी म्हणाल्या आणि साखर आणायला आत वळल्या.